निजायच्या जागा

"तुम्ही रात्री कुठं झोपता?" असं मला उभ्या आयुष्यात एकाच परक्या पुरुषानं विचारलं, आणि तेही पहिल्याच भेटीत, नाव-गाव विचारायच्या आधी.

मी तेव्हा नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेल्या एका गावात दवाखान्याचं उपकेंद्र निघालं होतं. उपकेंद्र म्हणजे गावाच्या कडेला एक खोली, पुढं ओटा, आत लोखंडी पलंग, औषधांचं कपाट आणि मी. माझं माहेर खामगावचं, बौद्ध वस्तीतलं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मुलगी नर्स झाली म्हणून त्यांनी वस्तीभर पेढे वाटले होते, पण मला इथं सोडून परत जाताना ते बसच्या खिडकीतून पाहत नव्हते, समोर पाहत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार वाजलं. उघडून पाहिलं तर एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस. अंगात खाकी शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, बाजूला सायकल. त्यानं नमस्कार केला आणि तो प्रश्न विचारला. मी दार लावून घेतलं.

तो गेला नाही. बाहेरून आवाज येत राहिला. "खोलीत की ओट्यावर? खिडकीला जाळी आहे का? रांजण झाकलेला असतो ना?" मग थोड्या वेळानं, "बरं, उद्या येतो."

उद्याही तो आला, परवाही आला. शेवटी मी दाराआडूनच सांगितलं, "आत झोपते. दार लावून." तर म्हणाला, "छान. असंच झोपत जा," आणि सायकल घेऊन निघून गेला. तो मलेरिया खात्याचा इन्स्पेक्टर आहे, हे मला नंतर पाण्याला गेल्यावर बायांनी सांगितलं. "झोपेवाले साहेब हायेत ते," एक जण म्हणाली. "साऱ्या गावाले इचारतात. मनावर घेऊ नका बाई. डोक्यानं थोडे तसे हायेत."

महाराष्ट्र नुकताच झाला होता. पूर्वी आमच्याकडे साहेब लोक नागपूरकडून यायचे, आता मुंबईकडून यायला लागले. हे साहेब कोकणातले. इथली भाषा त्यांनी मोठ्या हौसेनं शिकली होती, पण तिचा सूर काही त्यांना सापडला नव्हता. "काऊन हो, ताप येऊन राह्यला का?" असं ते शाळेत धडा वाचावा तसं विचारायचे. पोरं त्यांच्या मागून तसंच म्हणत फिरायची. त्यांना वाटायचं, पोरांना आपली चौकशी आवडते.

सायकल त्यांच्याजवळ कायम असे, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. ती ते हातानं ढकलत चालायचे. बसलं की डबकी दिसत नाहीत, म्हणायचे. एखादं डबकं दिसलं की सायकल आडवी टाकून तिथंच उकिडवे बसायचे आणि पाण्यात पाहत राहायचे. एकदा लग्नाची वरात अडली होती, कारण नवरदेवाच्या वाटेत साहेब बसले होते आणि वाजंत्र्यांना हातानं थांबा म्हणत होते.

त्या काळात घरोघरी भिंतींवर डीडीटीचा फवारा मारायचे. लोकांना त्या पांढऱ्या डागांचा राग. फवारणारे गेले की बाया भिंती सारवून टाकायच्या. साहेबांची माणसं गावोगाव हिंडून ताप आलेल्यांच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायची. काचा तपासायला जायच्या आणि कुणाकुणाला हिवताप आहे ते कळून यायचं. बाकीचे इन्स्पेक्टर एवढं आलं की वर कळवून मोकळे व्हायचे. हे मात्र प्रत्येक तापवाल्याच्या दारात जाऊन विचारायचे, तो निजतो कुठं.

"भिंतीला फवारा मारतो आपण," ते मला एकदा म्हणाले. "पण भिंतीला थोडाच ताप येतो? जो भिंतीच्या आत निजतो त्याला त्याचा उपयोग. जो बाहेर निजतो त्याचं काय?"

म्हणून ते पहाटे फिरायचे. बाजा उचललेल्या नसायच्या, वाकळा गुंडाळलेल्या नसायच्या, त्या वेळी कोण कुठं निजलं होतं ते विचारावं लागत नाही, दिसतंच. पण पहाटेच्या वेळी परका पुरुष अंगणातून वाकून पाहतो म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. शेजारच्या एका गावात नव्या नवरीला त्यांनी तो प्रश्न विचारला. तिच्या दिरांनी त्यांना पारापर्यंत ओढत नेलं. सायकल विहिरीत टाकली, ती नंतर गळ टाकून वर काढावी लागली. साहेबांच्या ओठाला टाके मीच घातले. टाके घालत असताना ते बोलायचा प्रयत्न करत होते, मी त्यांना गप्प बसवत होते. शेवटची गाठ मारली तेव्हा म्हणाले, "सिस्टर, बायकांना तुम्ही विचाराल का?"

मी नाही म्हणाले. मला तेव्हा कुठं कुणाच्या घरात घरच्यासारखं जाता येत होतं? ओट्यावर पाणी मिळायचं, पण तांब्या वेगळा असायचा. बाळंतपणात मात्र आत घ्यायचे, कारण त्या वेळी कुणाला काही सुचत नाही.

पण मी विचारायला लागले ते द्वारकाबाईमुळं.

गावच्या मधोमध आबाजींचं घर. आबाजी शांत माणूस. कारभार सगळा त्यांच्या बायकोचा, अनुसयाबाईंचा. त्यांची सून द्वारका. तिचं पोट दोनदा पाच-सहा महिन्यांवर येऊन रिकामं झालं होतं. मी आले तेव्हा तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. तपासायला गेले तर हात गरम. मागच्या वेळी काय झालं होतं, विचारलं. तर म्हणाली, "थंडी वाजून ताप यायचा, बाई. लय यायचा. मंग एक दिवस गेलं."

मी हे साहेबांना सांगितलं. ते एकदम उभे राहिले. हिवतापानं गर्भ टिकत नाही हे मला पुस्तकातून माहीत होतं, त्यांनी ते बऱ्याच घरांत पाहिलं होतं. "गावाच्या मधलं घर आहे," ते म्हणाले. "फवारा मारलेला आहे. तिला ताप यायला नको. ती निजते कुठं ते बघा."

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं. तिनं आधी सासूकडं पाहिलं. सासू दळण निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मग द्वारकानं पाण्याच्या निमित्तानं मला मागं नेलं आणि बोटानं दाखवलं. बैलांचा कोठा, गायही त्यातच बांधलेली. तीन बाजूंनी मातीच्या भिंती, समोरून सारा उघडा. एका कोपऱ्यात बाज.

"कोनं तरी सांगतलं आत्याबाईले," ती म्हणाली. "गाईच्या जवळ निजलं तर पोटातलं राह्यते म्हने. दर वख्ती दिवस गेले का त्या मले इथं निजवतात. कोनाले सांगू नका बाई. सांगतलं तर गुण येत नाई."

म्हणजे गर्भ राहावा म्हणून तिला जिथं निजवत होते, तिथंच तिला ताप भेटत होता. कोठ्याला कुणी फवारा मारू देत नव्हतं, बैलांना बाधेल म्हणून. अनुसयाबाई वाईट नव्हत्या. माझ्यासमोर त्यांनी सुनेला दुधाचा पेला दिला आणि ती पूर्ण पिईपर्यंत उभ्या राहिल्या. मी त्यांना समजावून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या गोळ्या घेते ना ती? मंग झालं. बाकीचं आमच्यावर सोडा."

त्यानंतर मी साऱ्याच बायांना विचारायला लागले. आधी त्या हसायच्या. "कुठं निजन? जिथं जागा भेटन तिथं." मग हसणं थांबायचं आणि खरं यायचं. कुणाची विधवा जाऊ चुलीपाशी, कुणाची म्हातारी आई दारात, कुणाचा मुका भाऊ वावरात राखणीच्या माळ्यावर, बारा महिने. घरात कोण कुठं निजतं हे सांगताना बाया घरात कोण किती नकोसं आहे तेच सांगत होत्या, आणि त्यांना ते बोलता बोलता कळायचं. मलाही माझा लोखंडी पलंग त्या दिवसांत जास्तच रिकामा वाटायला लागला.

हे सगळं साहेबांना सांगायचं कसं? एकट्या नर्सच्या खोलीत एकटा साहेब, हे चाललं नसतं. म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरमालकिणीच्या ओट्यावर जाऊन बसायची. साहेब त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मच्छरदाणीत असायचे. दिवस मावळला की ते मच्छरदाणीत शिरायचे ते सकाळीच बाहेर यायचे. आतच कंदील, आतच पुस्तक, आतच जेवण. घरमालकीण ताट आणायची, ते खालून कड उचलायचे, ताट आत घ्यायचे आणि कड परत नीट खोचायचे. कुणी भेटायला आलं तर बाहेर बसायचं आणि जाळीतून बोलायचं. त्यामुळं फारसं कुणी यायचंच नाही. संध्याकाळी त्या वाटेनं जाणाऱ्याला अंधारात एक उजेडाची पेटी दिसायची आणि तीत गुडघे जवळ घेऊन बसलेला एक माणूस.

"याले आत घाबरल्यासारखं नाई होत का व?" घरमालकीण मला विचारायची.

एकदा मीच त्यांना विचारलं की असं लोकांच्या झोपेमागं का लागलात. त्यांनी कंदिलाची वात खाली केली. मग म्हणाले, "आमचं घर माणसांनी भरलेलं होतं, सिस्टर. मला जागा नव्हती म्हणून मी माळ्यावर निजायचो, शिडी लावून. एकदा सगळे मामाच्या गावाला लग्नाला गेले. पहाटे निघाले. शिडी काढून भिंतीला लावून ठेवली आणि गेले. मी वर झोपलेलोच होतो." 

"मग?"

"मग काय, परत आले. आई रडली खूप. म्हणाली, तू कुठं निजतोस ते ध्यानातच आलं नाही." हे ते हसत सांगत होते. घरमालकीण हसली. मला हसू आलं नाही.

मी आणलेली माहिती ते भिंतीवर उतरवायचे. त्यांच्या खोलीची आतली मातीची भिंत सबंध गेरूनं भरली होती. एकेक घर म्हणजे एक चौकोन, त्यात बाज कुठं, वाकळ कुठं. ताप आलेल्याच्या जागी काजळीचं बोट. घरमालकिणीबरोबर जाऊन मी ती एकदाच पाहिली. सारा गाव त्या भिंतीवर निजलेला होता. मधली घरं बहुतेक कोरी. काळं होतं ते कडेला: वावरांतले माळे, कोठे, पडव्या, आणि नाल्याकाठची आमच्या लोकांची वस्ती. तिथं घरं इतकी लहान की निम्मी माणसं बाहेरच निजायची.

"लोक म्हणतात डासाला जातपात नसते," साहेब म्हणाले. "नसेल. पण कोण कुठं निजणार ते आपण ठरवतो, आणि डास तिथंच जातो."

भिंतीच्या मधोमध एक काळा ठिपका एकटाच होता. तो आबाजींचा कोठा.

खामगावच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या स्मरणार्थ मच्छरदाण्या शिवून घेतल्या आणि आमच्या गावाला द्यायच्या ठरवल्या. ही खटपट साहेबांचीच. ते त्याच्या पेढीवर जाऊन बसले होते, तो हो म्हणेपर्यंत. चांगल्या सुती जाळीच्या मच्छरदाण्या होत्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात त्या आईचं नाव लाल दोऱ्यानं भरलेलं होतं. गाठोडी चावडीत आली. साऱ्या गावाला पुरणार नव्हत्या.

सरपंचांचं म्हणणं साधं होतं. मानाच्या घरांना आधी, मग उरल्या तर बाकीच्यांना. गाव पारावर जमलं. सरपंच बोलून बसले तर साहेब उठले. हातात कागद नाही, काही नाही. त्यांना सारं पाठ होतं.

"माणसाच्या मानानं नाही, निजायच्या जागेनं वाटायच्या," ते म्हणाले, आणि त्यांनी जागा सांगायला सुरुवात केली. कुणाची आई दारात निजते, तिला. कुणाचा भाऊ बारा महिने माळ्यावर असतो, त्याला. कुणाची विधवा भावजय चुलीपाशी, तिला. ते भराभर बोलत होते, चेहरा उजळलेला. समोर माणसं खाली पाहायला लागली होती, हे त्यांना दिसत नव्हतं. मी बायांच्या घोळक्यात उभी होते. पुढं काय येणार ते मला कळलं, पण थांबवायचं कसं ते कळेना.

"आणि आबाजींची सून बैलांच्या कोठ्यात निजते," साहेब म्हणाले. "गावात सगळ्यात आधी मच्छरदाणी तिला."

आबाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अनुसयाबाई पुढं आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"आमच्या घरातलं तुमाले कोनं सांगतलं, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. सहज पाहिलं, जसं माणूस बरोबरच्या माणसाकडं पाहतो. आणि साऱ्या बायांनी माझ्याकडं पाहिलं.

त्या दिवसापासून माझ्यासाठी दारं बंद झाली. पाण्याला गेले की बोलणं थांबायचं. तापाच्या गोळ्या घ्यायला कुणी येईना. द्वारकाला मी भेटू नये म्हणून अनुसयाबाई स्वतः दारात बसायला लागल्या. आणि मच्छरदाण्या चावडीत तशाच पडून. चारचौघांत ज्यांची जागा सांगितली गेली त्यांच्यातला एकही जण घ्यायला आला नाही. घेणं म्हणजे कबूल करणं होतं.

मी साहेबांकडं गेले. ओट्यावर बसले नाही, उभ्यानंच बोलले.

"हे काय केलंत तुम्ही?"

ते जाळीच्या आत होते. "मी खोटं बोललो का, सिस्टर?"

"नाही. सगळं खरं बोललात."

"मग?"

"बायांनी मला सांगितलं ते विश्वासानं सांगितलं होतं. तुम्ही ते पारावर ओतलंत. त्या सुनेला आता गाव म्हणतं, सासू हिला जनावरात ठेवते. आणि सासूला काय म्हणतं ते तुम्ही ऐकलं नसेल. घराबाहेर पडत नाही ती. एवढे दिवस सगळ्यांना विचारत फिरता, कोण कुठं निजतं. का निजतं ते कधी मनात आलं का?"

मी परत आले. नंतर घरमालकिणीनं सांगितलं की त्या संध्याकाळी त्यांनी ताट आत घेतलंच नाही.

पुढचे काही दिवस ते कुणाला दिसले नाहीत. मग एका सकाळी वावरात राखणीला असलेला तो मुका भाऊ, त्याच्या माळ्यावर मच्छरदाणी बांधलेली दिसली. चौकशी केली तर कळलं, साहेबांनी त्याच्या भावाला सांगितलं होतं की कापड उन्हापावसात किती टिकतं ते सरकारला पाहायचंय, तुमच्या माळ्यावर थोडे दिवस राहू द्या. दारात निजणाऱ्या म्हातारीच्या मुलाला म्हणाले, माझ्या खोलीत उंदीर झालेत, ही एक मच्छरदाणी तुमच्याकडं ठेवा, पण घडी करून ठेवू नका, बांधलेली राहू द्या. नाल्याकाठच्या वस्तीत गेले आणि म्हणाले, या शिवणीतून उसवलेल्या आहेत, टाकून द्यायच्या आहेत, कुणाला हव्या असतील तर घ्या. बायांनी उलटसुलट करून पाहिल्या, कुठं उसवल्याचं दिसेना, पण घेतल्या.

त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. ते तो त्या दिवसांत शिकला, चाचरत, कान लाल करून. समोरच्याला ते खोटं आहे हे कळायचं बहुतेक. पण आता घ्यायला निमित्त होतं.

राहिला आबाजींचा कोठा.

आबाजींची बैलजोडी पंचक्रोशीत नावाजलेली. साहेब एक दिवस भर दुपारी, पारावर माणसं बसलेली असताना, आबाजींना म्हणाले, "तुमचे बैल मला बघायचे आहेत." बैलांभोवती फिरले. पाठीवर हात फिरवला, कानामागं पाहिलं. मग मोठ्यानं, साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबाजी, ही जोडी डासांनी खराब होऊन राह्यली. रात्री झोप नाही बैलांना. मी यांच्यासाठी मच्छरदाणी लावून देतो."

पार हसायला लागलं. कुणीतरी विचारलं, "साहेब, बैलाले उशी बी द्यान का?"

"उशी लागत नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. "मान मोठी असते."

आबाजी हसले नाहीत. ते साहेबांकडं पाहत राहिले आणि मग म्हणाले, "द्या जी. बैलाची काळजी कराले पायजे."

उरलेल्या मच्छरदाण्या साहेबांनी उसवल्या आणि शिंप्याकडून एकाला एक जोडून मोठा पडदा शिवून घेतला. तो कोठ्याच्या उघड्या बाजूला वरपासून खालपर्यंत लावला. आतल्या भिंतींना फवारा मारून घेतला, बैलांच्या आरोग्यासाठी. खालून दगड लावून कड दाबली. संध्याकाळी बैल आत गेले की पडदा सोडायचा, हे आबाजींच्या घरातलं काम झालं. अनुसयाबाई दारातून हे सगळं पाहत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. सुनेची बाज त्याच कोपऱ्यात राहिली. गाईजवळ निजायचं व्रत मोडलं नाही आणि सुनेचं नावही कुणी घेतलं नाही.

गावाला मात्र हसायला मिळालं. बाजारच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं आबाजींच्या कोठ्यापाशी येऊन जाळीआड रवंथ करणारे बैल बघून जायची. संग्रामपुरात, तालुक्याच्या जळगावात हा किस्सा गेला. झोपेवाले साहेब आता बैलांनाही विचारतात, असं लोक सांगायचे. साहेब वाटेनं चालले की कुणीतरी हंबरायचं. ते हसून हात वर करायचे आणि सायकल ढकलत पुढं जायचे.

द्वारकाचे महिने भरत आले. अनुसयाबाई एक दिवस माझ्या दारात आल्या, आत न येता म्हणाल्या, "बाई, पोरीले पाहून जा." मी गेले. हात थंड होता. ताप नव्हता. जाताना त्यांनी मला पाणी दिलं. तांब्या तोच वेगळा होता, पण त्या मी पिईपर्यंत उभ्या राहिल्या.

किस्सा खामगावला पोचायला वेळ लागला नाही. मालकाच्या आईच्या नावाच्या मच्छरदाण्या उसवून बैलांच्या कोठ्याला टांगल्या, हे कळल्यावर त्या व्यापाऱ्याचा मुनीम स्वतः गावात आला. पडदा पाहिला. कोपऱ्याकोपऱ्यात लाल दोऱ्यातलं नाव होतं, आणि त्यातल्या एकावर बैलानं शिंग घासलं होतं. तो तसाच परत गेला, आणि वर तक्रार गेली. साहेबांना बोलावणं आलं. परत आले ते बदलीचा हुकूम घेऊन, पार दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात.

मी त्यांना भेटायला गेले. या खेपेला बसले. म्हणाले, "साहेब, मी वर जाऊन सांगते. कोठ्यात कोण निजतं ते सांगितलं तर कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही."

"नको," ते म्हणाले.

"पण लोक तुम्हाला वेडा समजतात."

"ते आधीही समजत होते, सिस्टर. त्यात नवीन काही नाही." मग जाळीतून माझ्याकडं पाहून म्हणाले, "तिचं एकदा पारावर सांगून झालंय. पुन्हा नको."

द्वारकाला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, मोठ्या आवाजाची. मी तिला हातात घेतलं तेव्हा अनुसयाबाई दाराला धरून उभ्या होत्या आणि मला विचारत होत्या, जिवंत हाये ना, जिवंत हाये ना, ती रडत असतानाही. साहेब तेव्हा गावातच होते, निघायच्या तयारीत. मी घरमालकिणीकडून निरोप पाठवला. तिनं येऊन सांगितलं, "आयकलं अन् बसून राह्यले. मंग म्हने, बरं झालं. मंग लय वेळानं पुन्हा म्हने, बरं झालं."

ते गेले त्या दिवशी मी बाळंतपणाला दुसऱ्या गावी होते. त्यांना पोचवायला गावातलं कुणी गेलं नसणार, असंच मी धरून चालले होते. खरं काय झालं ते आबाजींनी मला पुढं कितीतरी महिन्यांनी सांगितलं. मुलीला देवीची लस टोचून घ्यायला ते तिला घेऊन आले होते. लस झाली, पोर रडून थकून त्यांच्या खांद्यावर झोपली, आणि ते ओट्यावर टेकले.

"साहेबाले येष्टीपर्यंत मीच नेलं," ते म्हणाले. "बैलगाडीनं. त्याच जोडीनं."

मला माहीत नव्हतं.

"वाटेनं म्या म्हटलं, साहेब, बैलाले कुठं मच्छरदानी लागते. मले पयल्या दिवसापासून ठाऊक होतं. तर ते खाली पाह्यत होते."

"मग?"

"मंग म्या म्हटलं, आज येष्टी जाऊ द्या. उद्या जा. आज आमच्या घरी जेवा." आबाजींनी पोरीची मान नीट केली. "गावात एवढे दिवस राह्यले, बाई, पन कोनी त्यायले जेवाले बोलावलं नव्हतं. मीबी नाई. लाज वाटली मले. ते म्हने, नाई आबाजी, हुकूम हाये, जावं लागन. मी म्हटलं, घरी सैपाक होऊन राह्यला तुमच्यासाठी. तर माह्याकडं पाह्यलं त्यायनं. म्हने, कोनं सांगतलं सैपाक कराले? तेवढ्यात येष्टी आली."

"चढले?"

"चढले. खिडकीतून हात जोडले."

मुलगी झोपेतच कण्हली. आबाजी तिला थोपटत राहिले, आणि मला वाटलं त्यांचं सांगून झालं.

"आमच्या म्हातारीनंच सांगतलं होतं, घेऊन या म्हनून," ते म्हणाले. "मी रिकामी गाडी घेऊन घरी गेलो तर तिनं रोडगे केले होते, वांग्याची भाजी केली होती, पाट मांडला होता. म्हने, साहेब कुठं हायेत? मी म्हटलं, गेले. तिनं ताटावर ताट झाकलं. मी जेवलो, पोरगं जेवलं, सून जेवली. ते ताट तिनं कोनाले देल्लं नाई. दिवस बुडेपर्यंत झाकून तसंच होतं, पाटासमोर."